सोलापूरचे वारे आणि मालवणचे ओले बूट

सोलापूरविषयी परगावच्या मनुष्याच्या तोंडून स्तुतीचा शब्द निघणे दुर्मिळ. ऊन, धूळ आणि पाण्याची टंचाई ह्या तीन गोष्टींचे वर्णन करून झाले की पाहुणा चादरीकडे वळतो, चार चादरी व पाव शेर शेंगांची चटणी बांधून घेतो आणि संध्याकाळच्या गाडीने निघून जातो. ह्या गावाजवळ एक संपत्ती आहे व ती आम्हा गावकऱ्यांच्याही ध्यानात क्वचितच येते. ती संपत्ती म्हणजे येथील कोरडे वारे. सोन्याचांदीसारखी ती तिजोरीत ठेवता येत नाही, म्हणून तिचा हिशेब कोणी मांडीत नाही इतकेच.

अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी ढग सह्याद्रीला अडतात आणि आपले बहुतेक भांडार कोकणात व घाटमाथ्यावर रिते करतात. घाट उतरून पूर्वेकडे जी हवा येते ती पाण्याने हलकी झालेली असते. ह्या पर्जन्यछायेतच आमचा जिल्हा वसलेला आहे. शहरात वर्षाकाठी सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यात त्याच्या सुमारे चौपट पडतो. वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर चढतो, आणि तिसऱ्या प्रहरी वारा सुटला म्हणजे दोरीवर टाकलेले धोतर घडी घालण्याजोगे होण्यास अर्धा तासही लागत नाही.

ह्या वाऱ्यावर गावातील अनेक उद्योग चाललेले आहेत. चैत्र लागला की गच्च्यागच्च्यांवर कुरडया, सांडगे, पापड ह्यांची वाळवणे पडतात. ज्वारी-बाजरीची कडक भाकरी येथे इतकी कोरडी करतात की ती कित्येक दिवस टिकते. प्रवासाला निघालेला मनुष्य ती शिदोरीला बांधून घेतो. परंतु ह्या सर्वांत मोठे वाळवण म्हणजे रंगविलेल्या सुताचे. शहराच्या पूर्व भागात तेलंगणातून पिढ्यान्पिढ्यांपूर्वी आलेल्या पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या मागावरून निघालेल्या सोलापुरी चादरीला २००५ च्या सुमारास भौगोलिक मानांकनही मिळाले. चादर विणण्याआधी सूत रंगवावे लागते, रंगविलेले सूत वाळवावे लागते, आणि ते वाळले नाही तर माग उभा राहतो. अवेळी आभाळ दाटून आले की त्या वस्तीत चिंता पसरते, ती ह्याच कारणाने.

ह्या गोष्टीकडे मी साठी उलटेपर्यंत जसा सर्वजण पाहतात तसाच पाहात होतो. तिचा नीट विचार करण्याचा प्रसंग आला तो आमच्या घरातील एका मुलामुळे. माझ्या धाकट्या बंधूंचा नातू मालवणास असतो. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात हौशी प्रवाशांना पाठीवर हवेची नळकांडी बांधून पाण्याखाली नेतात व तेथील प्रवाळ आणि मासे दाखवितात, त्या उद्योगात तो आहे. १६६४ साली शिवाजी महाराजांनी ज्या किल्ल्याचा पाया घातला त्याच्या तटाखाली आज मुलेमाणसे मत्स्यसृष्टी पाहण्यास बुड्या मारतात. तेथल्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य म्हणून राखलेला आहे, आणि जवळच तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकविणारी संस्थाही आहे. पावसाळ्यात समुद्र खवळला की हे काम बंद पडते व आश्विन-कार्तिकात पुन्हा सुरू होते.

गेल्या वर्षी वैशाखाच्या अखेरीस हंगाम आटोपून मुलगा घरी आला. त्याने थैली उघडली मात्र, माजघरभर असा कुबट वास सुटला की सोवळ्यातल्या मंडळींनी नाकाला पदर लावले. थैलीत रबरी अंगरखा, हातमोजे आणि बूट होते. शेवटल्या दिवशीचे सारे ओलेच बांधले होते. वास एक वेळ सोसला असता, पण त्याच्या आजीने त्याचे पाय पाहिले. बोटांच्या बेचक्या पांढऱ्या पडून भेगाळल्या होत्या. चिखलात राबणाऱ्यांना ज्या चिखल्या होतात त्याच ह्या. फरक एवढाच की चिखलातून आलेला मनुष्य रात्री कोरडा होतो, आणि हा सहा महिने रोज सकाळी कालचेच ओले बूट पायांत चढवीत होता. आजीने तेथल्या तेथे निकाल दिला. "पुरे झाली ती समुद्राची नोकरी. येथे कोठेतरी कारकुनी मिळेल ती कर. घरात खाणारी तोंडे काही जड झालेली नाहीत." मुलगा काही बोलला नाही. पण त्याच्या मुद्रेवरून मला समजले की ही गोष्ट त्याच्या काळजाला लागली आहे. जी विद्या त्याने कष्टाने मिळविली होती ती बुटांपायी सोडण्याची वेळ आली होती.

ओल्या बुटांची ही पीडा क्षुल्लक समजू नये. पहिल्या महायुद्धात १९१४-१५ च्या हिवाळ्यात फ्रान्स-फ्लँडर्सच्या खंदकांत गुडघाभर पाण्यात उभ्या राहणाऱ्या सैनिकांचे पाय ह्याच ओलीने व थंडीने सडू लागले. त्या आघाडीवर आपल्या हिंदी पलटणीही होत्या. शत्रूच्या गोळीने नव्हे तर ओल्या मोज्यांनी माणसे निकामी होतात हे ध्यानात आल्यावर रोज पाय तपासणे व कोरडे मोजे बदलणे ह्याबद्दल ब्रिटिश सैन्यात सक्त हुकूम निघाले. आमच्या मुलाचा समुद्र उबदार, त्यामुळे त्याची व्यथा तितकी भयंकर नव्हती. पण मूळ तेच. पायाला रात्रीपुरती तरी कोरडी विश्रांती हवी, आणि सकाळी कोरडा बूट हवा.

हे बूट चामड्याचे नसतात. १९३० साली अमेरिकेतील ड्यू पाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर शोधून काढले. त्यात वायूचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडून त्याचा मऊ पत्रा करतात. पुढे १९५१-५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर ह्या पदार्थविज्ञानाच्या पंडिताने त्याचा पाणबुड्यांसाठी अंगरखा सुचविला. त्यातली युक्ती मौजेची आहे. हा अंगरखा पाणी बाहेर ठेवीत नाही. थोडे पाणी आत येऊ देतो, ते अंगालगत अडकते व शरीराच्या उष्णतेने कोमट होते, आणि रबरातील बुडबुडे ती ऊब बाहेर जाऊ देत नाहीत. बुटाचेही तसेच. स्वतः रबर पाणी पीत नाही. पण त्याच्या आतबाहेर चिकटविलेले विणीव कापड मात्र ते भरपूर धरून ठेवते, आणि बुटाचा आकार खोल विहिरीसारखा असल्यामुळे टोकाला वारा पोहोचत नाही.

घरातील गड्याने बूट उचलून गच्चीवर उन्हात नेण्यास पाऊल टाकले तोच मुलाने त्यास थांबविले. कडक उन्हाने हे रबर कडक होऊन तडकते आणि जोडाचा चिकट लेप सुटतो, असे त्याचे म्हणणे. मग त्याने सर्व जिन्नस गोड्या पाण्याच्या घंगाळात दोन वेळा खळबळून काढले आणि माडीवरील पडवीत, जेथे ऊन येत नाही पण पश्चिमेचा वारा आरपार जातो, तेथे दांडीला उलटे टांगले. दिवेलागणीपर्यंत बूट आतल्या टोकापर्यंत खडखडीत कोरडे झाले. मालवणात जे काम तीन-तीन दिवसांत होत नाही ते आमच्या पडवीने एका प्रहरात केले. मुलगा बूट हातात घेऊन हसत म्हणाला, "आबा, हे वारे कशात भरून देता आले तर तेवढे द्या. मग आजीला माझ्याविषयी काही म्हणायला जागा राहणार नाही."

हे बोलणे थट्टेचे होते, पण मास्तरकीची सवय लागलेल्या मनुष्याला थट्टेतही प्रश्न दिसतो. वारे भरून देता येत नाहीत हे खरे. परंतु ते काय करतात हे समजले तर दुसरीकडे त्यांची नक्कल करता येईल की नाही? मी दुसऱ्याच दिवशी पूर्व भागात सूत रंगविण्याचा एक कारखाना पाहण्यास गेलो.

तेथे रंगाच्या हौदातून निघालेल्या सुताच्या लडी थेट वाळत घालीत नाहीत. आधी त्या एका जाळीदार पिंपात भरतात आणि ते पिंप विजेच्या जोरावर गरगर फिरवितात. ताक घुसळताना रवीवरून थेंब उडावे तसे पाणी जाळीतून बाहेर फेकले जाते. त्यानंतर लडी बांबूंवर पसरतात, मधूनमधून फिरवितात, एकमेकींना चिकटू देत नाहीत. तेथल्या म्हाताऱ्या मुकादमाला मी विचारले, "तुमचे खरे काम ऊन करते की वारा?" तो तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणाला, "मास्तर, ऊन आहे पण वारं नाही, तर सूत भाजतंय, वाळत नाही. वारं आहे पण ऊन नाही, तरी संध्याकाळपर्यंत काम होतंय." ह्या उत्तरातच सारे शास्त्र आले.

पाणी पिळून किंवा झटकून काढण्यास श्रम थोडे लागतात. त्याची वाफ करून काढण्यास पुष्कळ उष्णता लागते. एक लिटर पाण्याची नुसती वाफ होण्यास विजेच्या सुमारे दोन-तृतीयांश युनिटइतकी उष्णता खर्ची पडते. म्हणून शहाण्याने जितके निथळवेल तितके आधी निथळवावे व उरलेलेच वाऱ्याच्या स्वाधीन करावे. आणि वाऱ्याचे काम असे : ओल्या वस्तूच्या अंगालगत जी हवा असते ती लवकरच वाफेने भरून तृप्त होते, तृप्त हवा तेथेच बसून राहिली तर पुढले पाणी उडत नाही. वारा त्या तृप्त हवेला हाकलून तिच्या जागी भुकेली हवा आणून बसवितो. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आत्म्याचे अविनाशित्व सांगताना जाळण्याचे काम अग्नीकडे, भिजविण्याचे पाण्याकडे आणि वाळविण्याचे वाऱ्याकडे दिलेले आहे. इतकी वर्षे पाठ केलेल्या त्या श्लोकातील कामाची वाटणी किती चोख आहे हे मला त्या रंगशाळेत उभे असताना कळले.

येथे एक गंमतही सांगण्यासारखी आहे. जे कोरडे वारे सूत वाळवितात तेच विणकराचे वैरी आहेत. फार कोरड्या हवेत सुताचा धागा ठिसूळ होतो व तुटतो. म्हणून माग जेथे चालतो तेथे हवा दमट राखावी लागते. १८७७ मध्ये निघालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीसारख्या, म्हणजे आमच्या 'जुन्या गिरणी'सारख्या, मोठ्या गिरण्या आता इतिहासजमा झाल्या. पण ज्यांनी गिरण्यांतून दिवस काढले ते वृद्ध अजून सांगतात की बाहेर रखरखाट असे आणि आत मागखात्यात घामाच्या धारा लागत. हवा कोठे कोरडी हवी आणि कोठे ओली, हे ह्या गावाने पोटासाठी शिकलेले आहे.

फाल्गुनात मी मालवणास जाण्याचे ठरविले. तोपर्यंत हंगाम भरात आला होता, आणि मुलाच्या पायांची तक्रार पुन्हा सुरू झाल्याचे त्याच्या पत्रावरून नव्हे, तर पत्रातील मौनावरून कळले होते. सोलापुराहून मंगळवेढे, सांगोले, मिरज, कोल्हापूर असा रस्ता आहे. सांगोल्याच्या पुढे कवठे महांकाळपर्यंत दोहों बाजूंस द्राक्षांचे मळे आणि त्यांच्या जोडीला लांबच लांब मांडव दिसू लागतात. हे बेदाण्याचे मांडव. त्या दिवसांत ते भरलेले होते, म्हणून एका ठिकाणी उतरून मी ते पाहून घेतले.

द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा एक थर असतो, तो आतले पाणी बाहेर येऊ देत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट व एक प्रकारचे तेल मिसळलेल्या पाण्यात बुडवितात. त्याने तो थर सैल होतो. मग जाळीच्या मजल्यांवर, एकाखाली एक, द्राक्षे पसरतात. वर छप्पर, बाजू मोकळ्या. उन्हाचा थेट कवडसा फळावर पडता कामा नये, नाहीतर बेदाणा काळपट होतो. सावलीत व वाऱ्यात दोन आठवड्यांच्या आतबाहेर तो सोनेरी-हिरवा उतरतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यामागे हीच सावलीची व वाऱ्याची योजना आहे. ज्याला यंत्र म्हणावे असे त्या मांडवात काही नाही. तरी मांडव हेच एक यंत्र आहे. त्याची तीन अंगे मी टिपणवहीत उतरून घेतली : वस्तू सुटी-सुटी मांडणे, तिच्या प्रत्येक बाजूस वारा पोहोचविणे, आणि ओली झालेली हवा बाहेर जाण्यास वाट ठेवणे.

घाट उतरला आणि अंगावरच्या सदऱ्यानेच हवा पालटल्याचे सांगितले. मालवणात पोहोचलो तेव्हा सायंकाळ होती. समुद्रावरून गार, खारट वारा येत होता. वारा तेथेही आहे आणि आमच्यापेक्षा कमी नाही. मग बूट का वाळू नयेत? ह्याचे उत्तर त्या वाऱ्याच्या पोटात आहे. तो वारा निघतानाच जेवून आलेला असतो.

हे मुलांना वर्गात समजावीत असे तसेच आकड्यांनी मांडतो. ३० अंश उष्णतेची एक घनमीटर हवा फार तर ३० ग्रॅमच्या आसपास वाफ धरू शकते. मालवणच्या एखाद्या दमट संध्याकाळी आर्द्रता ८० टक्के आहे असे धरले, तर तिच्यात २४ ग्रॅम आधीच आहेत. नव्याने ती फक्त ६ ग्रॅम घेणार. उलट वैशाखात सोलापुरी ४० अंशांची हवा ५१ ग्रॅमपर्यंत धरू शकते, आणि आर्द्रता २० टक्के असेल तर तिच्यात केवळ १० ग्रॅम आहेत. म्हणजे ती आणखी ४१ ग्रॅम घेण्यास मोकळी आहे. भुकेचा हा फरक जवळजवळ सातपट झाला. आता मालवणच्याच हवेला अवघे सहा अंश ऊब दिली, म्हणजे ३० ची ३६ केली, तर तिची धारणाशक्ती ४२ ग्रॅम होते आणि ती ६ ऐवजी १८ ग्रॅम पाणी घेऊ लागते. थोडक्या उबेने भूक तिप्पट होते. येथे ऊब वस्तू भाजण्यासाठी नाही, हवेला भूक लागण्यासाठी आहे.

दुसरा शत्रू मीठ. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. एका जोडीत पाव लिटर पाणी राहिले असे धरले, तर ते उडून गेल्यावर मागे जवळजवळ नऊ ग्रॅम क्षार कापडात बसतो. साध्या मिठाचा स्वभाव असा आहे की हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की ते हवेतून पाणी ओढून विरघळू लागते. आषाढात फडताळातील मीठ सादळून पाणी सुटते ते ह्याचमुळे. मालवणच्या रात्री आर्द्रता त्या मर्यादेच्या वरच असावयाची. म्हणून न धुतलेला बूट तेथे कधीच वाळत नाही. दुपारी वाळल्यासारखा दिसतो आणि पहाटे पुन्हा ओला होतो. मुलाच्या बिऱ्हाडी गोड्या पाण्याची तोटा-तोटा होती आणि दहा जणांचे सामान एकाच हौदात बुचकळीत, तो हौद दुपारपर्यंत अर्धा समुद्रच होई. पहिला पालट आम्ही तेथे केला. शेवटची खळबळ प्रत्येकाने आपल्या बादलीतील ताज्या पाण्याने करावयाची, मग बादली अर्धी का असेना.

आता यंत्र विकत घ्यावे की घरी करावे हा प्रश्न. बर्फाळ देशांत बूट वाळविण्याची यंत्रे घरोघर असतात. त्यांत मुख्य तीन जाती. एकात नुसती उष्णता असते; ती कातडी बुटांस चालते, पण निओप्रीनला जादा ऊब वर्ज्य. दुसऱ्यात नुसता पंखा असतो. तो सोलापुरात पुरे पडेल, मालवणच्या तृप्त हवेत अपुरा. तिसरे म्हणजे खोलीतील हवेचे पाणी शोषून घेणारे मोठे यंत्र. ते उत्तम, पण त्यास बंद खोली लागते, वीज लागते, आणि एकट्या मुलाच्या बिऱ्हाडास त्याची किंमत झेपत नाही. शिवाय खाऱ्या हवेत कोणतेही यंत्र बिघडावयाचेच, आणि परदेशी यंत्र बिघडले तर त्याचा सुटा भाग मालवणच्या बाजारात मिळणार नाही. तेव्हा ज्याचा प्रत्येक तुकडा गावातील दुकानात मिळेल असेच साधन हवे, असे आम्ही ठरविले व सुतारास बोलावले.

पेटी दोन फूट लांब, दीड फूट रुंद व तितकीच उंच केली. तिच्या एका टोकाच्या भिंतीला, आतल्या बाजूस फुंकील असा, गणकयंत्रात असतो तसला १२ व्होल्टचा लहान पंखा बसविला. त्याच्या पुढे ६० वॅटचा जुन्या तऱ्हेचा, तारेचा तापणारा दिवा, जाळीच्या व पत्र्याच्या आवरणात. दुसऱ्या टोकाला झाकणातून वर निघालेल्या नळाच्या चार नळ्या, फूटभर उंचीच्या. वरची तोंडे तिरपी कापलेली व अंगाला दोन-चार भोके पाडलेली. प्रत्येक नळीवर एक बूट उलटा चढवावयाचा. पंखा हवा आत घेतो, दिवा तिला पाच-सहा अंश ऊब देतो, ती नळीतून थेट बुटाच्या बोटांपाशी जाते आणि नळीच्या भोवतीने बुटाच्या तोंडातून बाहेर पडते. जेथे सोलापूरचा वारा आपसूक पोहोचतो तेथे मालवणचा वारा असा हात धरून न्यावा लागतो. रबरी अंगरखा वर रुंद खुंटाळ्यावर टांगला की उरलेली ऊब त्याच्या कामी येते.

सावधगिरी चार गोष्टींची. दिवा व पंखा एका टोकास आणि नळ्या दुसऱ्या टोकास, म्हणजे बुटातून ठिबकणारे पाणी तापल्या काचेवर पडत नाही. नळ्यांखाली एक ताटली ठेवावी. पंखा आत शिरणाऱ्या हवेच्या वाटेवर असावा, बाहेर पडणाऱ्या ओल्या खाऱ्या हवेच्या वाटेवर नसावा, म्हणजे लवकर गंजत नाही. नळीच्या तोंडाशी तापमापक धरून पाहावे. ४० अंशांच्या वर जाऊ देऊ नये. आणि ओल्या हातांशी संबंध असल्यामुळे विजेचा धक्का बसताच प्रवाह तोडणारी कळ त्या जोडणीत असलीच पाहिजे. खोलीची खिडकी उघडी ठेवावी. बंद खोलीत तीच ओली हवा फिरून फिरून पेटीत येईल. सुताराच्या मजुरीसह सारा खर्च अडीच हजार रुपयांच्या आत झाला, आणि रात्रभर चालविण्यास पाऊण युनिटपेक्षा कमी वीज लागते.

परंतु पेटीच्याही आधी एक साधन आम्ही योजिले, आणि ते मी सोलापुराहून बरोबर नेले होते. ते म्हणजे आमच्या गावचा जाड, फुलांसारख्या फासांच्या विणीचा टॉवेल. धुतलेला बूट प्रथम उलटा टांगून पाव तास निथळू द्यावा. मग टॉवेलाचा बोळा आत कोंबून व बाहेरून दुसरा गुंडाळून त्यावर पायाने दाब द्यावा. पूर्व भागातील ते फिरते पिंप जे काम करते तेच हे. निम्म्याहून अधिक पाणी ह्या एका क्रियेत निघून जाते, ते उडविण्यास विजेची गरजच पडत नाही.

पहिल्या रात्री सात वाजता बूट पेटीवर चढविले. मुलगा दोनदा उठून हात घालून पाहून आला. मीही एकदा गेलो, पण ते त्यास सांगितले नाही. पहाटे पाचाला त्याने बूट आणून माझ्या हाती दिला. टोकापर्यंत बोटे घातली, कोठेही गारवा लागला नाही. पंधरा दिवसांत बेचक्यांच्या भेगा भरून आल्या. डॉक्टरांचे मलम चालू होतेच, पण तेच मलम आधीही चालू होते आणि गुण येत नव्हता. शेजारच्या दोन बिऱ्हाडांनी तसल्याच पेट्या करविल्या. ह्या वैशाखात मुलगा घरी आला तेव्हा आजीने आधी त्याचे पाय पाहिले आणि मग त्यास ओवाळले. कारकुनीचा विषय पुन्हा निघाला नाही.

ज्यांच्या घरी कोणी समुद्रात उतरत नाही त्यांनाही ह्यातून घेण्यासारखे आहे. मुंबई-पुण्याच्या चाळींत व सदनिकांत श्रावणभर मुलांचे शाळेचे बूट दमट राहतात, आणि बायामाणसे ते चुलीपाशी, इस्त्रीखाली, नाहीतर विजेच्या शेगडीजवळ ठेवून करपवितात. त्यांनी एवढे करावे. बूट आधी निथळावा. जुने वर्तमानपत्र चुरगळून आत भरावे व तासाभराने ते ओले झाले की बदलावे. मग साध्या पंख्यासमोर, जमिनीपासून उंच, तोंड वाऱ्याकडे करून तो ठेवावा. दोन जोड असतील तर एक दिवसाआड वापरावेत. खारे किंवा घामट पायमोजे बुटात कोंबून ठेवू नयेत. वाळवणे म्हणजे तापविणे नव्हे. भुकेल्या हवेला वस्तूपर्यंत नेणे व जेवलेल्या हवेला वाट देणे, एवढेच ते काम आहे. ज्या गावी ते फुकट होते त्या गावच्या मंडळींनी उन्हाला नावे ठेवताना वाऱ्याचेही स्मरण ठेवावे, आणि ज्या गावी होत नाही तेथील मंडळींनी एक लाकडी पेटी करवून घ्यावी.